फळ्याकडे पाठ

शाळेत मी बीजगणितात नापास झाले होते. त्यानंतर त्या विषयाचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं आणि ते म्हातारपणापर्यंत पाळलंही. मग ज्या वयात बायका गुडघे चोळत बसतात, त्या वयात मला कॉलेजात जाऊन बीजगणिताच्या वर्गात बसावं लागलं. तेसुद्धा फळ्याकडे पाठ करून.

कारण माझी सून. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. माझ्या मुलालाही नाही. तो दोन वर्षांचा असताना आम्हाला ते कळलं आणि मी हातांची भाषा शिकायला लागले. त्याच्या बाबांना ती कधी जमली नाही. ते बिचारे तोंडं वाकडी करून आणि हवेत चित्रं काढून मुलाशी आयुष्यभर बोलले, आणि मुलगा त्यांना समजून घेत राहिला. मला जमली, कारण माझी नोकरीच तशी होती. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते मी. एकाचा आवाज दुसऱ्याला जोडून द्यायचा आणि मध्ये आपलं तोंड घालायचं नाही, ही सवय अंगात मुरली होती. घरात मात्र मी तोंड घालते, तो माझा हक्क आहे.

आमच्याकडे नावाने हाक मारून उपयोग नसतो, त्यामुळे प्रत्येकाची एक खूण आहे. मुलाची खूण म्हणजे डोक्यावर कायम उभा राहणारा केसांचा तुरा. सुनेची, हनुवटीवरची खळी. माझी खूण मुलाने लहानपणीच ठरवून टाकली: कमरेवर दोन्ही हात. मी ती बदलून मागितली होती, पण मिळाली नाही. शिवाय हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. सून मला 'तुम्ही' म्हणते की 'तू', हे मला आजवर कळलेलं नाही. मी 'तुम्ही' धरून चालते. आपला मान आपणच राखलेला बरा.

सून रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, ओटे पुसायचे, हे तिचं काम. एकदा तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकात डोकावू दिलं. त्या दिवशी घरी आली तेव्हा तिचे हात थांबायलाच तयार नव्हते. जेवताना चमचा खाली ठेवायची, बोलायची, परत चमचा उचलायची, परत ठेवायची. रक्तात काय काय दिसतं ते सगळं तिने आम्हाला पानावर बसल्या बसल्या दाखवलं. मुलाने जेवण आवरतं घेतलं. मी मात्र शेवटपर्यंत बघत बसले, कारण लग्न होऊन आल्यापासून तिला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

तंत्रज्ञ व्हायचं तर कॉलेजचा एक अभ्यासक्रम करायला लागतो, आणि त्यात शिरायच्या आधी इंटरमीजिएट अल्जेब्रा, म्हणजे बीजगणिताचा मधला टप्पा, पास व्हावा लागतो. शिवाय त्या अभ्यासक्रमाला वयाची अट आहे. सून त्या अटीच्या अगदी काठावर होती. ह्या वर्षी पास झाली तर सूक्ष्मदर्शक, नाहीतर जन्मभर बाटल्या. इतकं ते सरळ होतं.

कॉलेजात दुभाषी होत्या, पण त्या दुसऱ्या गावी निघून गेल्या होत्या. नवीन येईपर्यंत घरचं माणूस चालेल असं ऑफिसातून सांगितलं. मुलगा हसून म्हणाला, घरचं ऐकू येणारं माणूस एकच आहे. दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि दोघांनी एकदमच कमरेवर हात ठेवले.

तर अशी मी वर्गात आले. माझी खुर्ची फळ्याखाली, सुनेच्या बाकासमोर. ती फळ्याकडे तोंड करून, मी तिच्याकडे तोंड करून. मागून सर बोलणार, मी ते हातांनी तिला देणार. सर तसे भले गृहस्थ, पण त्यांना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'उघड आहे' म्हणायची खोड होती. हे इकडे आलं, ते तिकडे गेलं, म्हणून हे असं होतं, उघड आहे. कुठल्याच गोष्टीचं नाव म्हणून घ्यायचे नाहीत, नुसतं बोट दाखवायचे. मला मान वळवून वळवून त्यांचं 'हे' आणि 'ते' शोधावं लागायचं. सुनेने पहिल्याच आठवड्यात त्यांची खूण ठरवली: डब्याचं झाकण उघडायची. मला वर्गात हसू आवरेना. सरांना वाटलं, म्हातारीला विषय आवडतोय.

विषय माझ्या डोक्यावरून जात होता असंही नाही. तो माझ्यातून जात होता. नळातून पाणी जातं, पण नळाची तहान काही भागत नाही, तशातली गत. सर बोलतात ते हातांवर उतरवेपर्यंत पुढचं वाक्य येऊन ठेपलेलं असायचं. घटक पाडा, कंस सोडवा, दोन्ही बाजूंचा वर्ग करा. मी सगळं तिच्यापर्यंत पोचवायची आणि माझ्यापाशी काही उरायचं नाही. म्हणून घरी परतताना वाटेत मी तिला विचारायची, ते मघाशी काय होतं गं. ती दिव्याच्या खांबाखाली, दुकानाच्या पायरीवर, कुठेही थांबून मला समजावून द्यायची. तिला सगळं येत होतं. आणि मला, खरं सांगायचं तर, कधी कधी तिच्या हातून कळायचं. शाळेतल्या बाईंनी छडी मारून जे शिरलं नाही ते सून रस्त्यात शिरवत होती. एकदा कंसाबाहेरचं उणं चिन्ह आत गेल्यावर काय होतं ते मला आपोआप कळलं, आणि मी भर रस्त्यात टाळी वाजवली. लोकांनी वळून बघितलं. तिने नाही, तिने नुसती मान डोलावली आणि पुढे चालू लागली.

मग मी एक शहाणपणा केला.

मी कॉलेजच्या मैदानाच्या कडेने जात होते, तिथे व्यायामाचे शिक्षक मुलांना कवायत शिकवत होते. ते मुलांकडे तोंड करून उभे होते, 'उजवा हात वर' म्हणत होते आणि स्वतः डावा वर करत होते. मी थांबून विचारलं, तुमचं काही चुकतंय का. ते म्हणाले, समोर उभं राहून मी उजवा वर केला की पोरं गोंधळतात, म्हणून मी त्यांचा आरसा होतो. हे मला इतकं पटलं की मी तिथेच मनाशी ठरवलं. मी सुनेसमोर बसते, म्हणजे माझं उजवं तिचं डावं. बिचारीला सगळं उलटं दिसत असणार, आणि इतक्या दिवसांत मला ते सुचलंही नाही. आजपासून आपणही तिचा आरसा व्हायचं.

मी घरी आरशासमोर उभी राहून सराव केला. हात सारखे सवयीच्या बाजूला जायचे, मी त्यांना ओढून दुसऱ्या बाजूला आणायची. बोटं दुखली. पण जमलं. सुनेला मी ह्यातलं काही सांगितलं नाही. माणसाची सोय करायची आणि वर ती बोलून दाखवायची, हे मला पटत नाही.

त्याच सुमारास सरांनी नवा धडा काढला. लहान-मोठेपणाच्या चिन्हांचा. ते चिन्ह म्हणजे उघडलेलं तोंड, आणि तोंड कायम मोठ्या संख्येकडे. उत्तर आलं की संख्यारेषेवर त्या बाजूचा भाग रंगवायचा. त्यात एक मेख होती. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने भागलं तर तोंड फिरतं, नाहीतर फिरत नाही. संपूर्ण धड्याचा जीव एवढ्या गोष्टीत होता. सर कधी लहान म्हणाले नाहीत की मोठं म्हणाले नाहीत. आता तोंड इकडे, रंग तिकडे, उघड आहे, एवढंच. मी दोन बोटांचं तोंड करून तिला दाखवत होते, कुठल्या बाजूला उघडतं ते, आणि तळहाताने रंग. अगदी आरशातल्यासारखं, तिच्या सोयीने.

त्या धड्यात सून गप्प झाली. वाटेत मी विचारलं तर म्हणायची, उद्या सांगते. मग मी विचारायचं सोडलं. वर्गात ती फळा बघायची, माझे हात बघायची, वहीत काही लिहायची, खोडायची, परत लिहायची. तिच्या खोडरबराचा भुगा बाकावरून माझ्या पायांवर पडायचा. मला वाटलं, धडा अवघड आहे, जाईल डोक्यात. आणि मी आणखी मन लावून, आणखी सावकाश, आणखी काळजीपूर्वक उलटं दाखवत राहिले.

चाचणीत ती नापास झाली. थोडीथोडकी नाही, सपशेल. सरांनी आम्हाला थांबवून घेतलं आणि खरोखर जड मनाने सांगितलं की जवळजवळ प्रत्येक उत्तरात तोंड उलट्या बाजूला आहे, म्हणजे मूळ कल्पनाच तिला समजलेली नाही, आणि पुढचे सगळे धडे ह्याच कल्पनेवर उभे आहेत. शुक्रवारपर्यंत नाव काढून घेतलं तर कागदावर नापासाचा शिक्का बसणार नाही. हे सगळं मलाच तिला सांगावं लागलं. माझ्याच हातांनी. तिने ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि सरांचे आभार मानले. तेही मीच माझ्या तोंडाने मानले.

वाटेत तिने एकच वाक्य म्हटलं. "माझं डोकंच तेवढं आहे." मी खूप काही बोलले, पण ती माझ्या हातांकडे बघत नव्हती. ऐकू न येणाऱ्या माणसाने आपल्यावरची नजर काढून घेतली की आपलं तोंड बंदच होतं. घरी येऊन तिने प्रयोगशाळेचा पांढरा डगला धुवायला टाकला आणि नाव काढायचा अर्ज भरायला बसली. ही मुलगी बाटल्याच धुणार, आणि मी फक्त बघत बसणार, असं वाटून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेली भांडी परत धुतली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मुलगा बेसिनखाली आडवा पडून गळका पाइप दुरुस्त करत होता. त्याला पाना हवा होता. मी दारात उभी राहून सांगितलं, बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, उजव्या हाताच्या खणात. तो ओल्या हातांनी गेला आणि रिकाम्या हातांनी आला. मी परत सांगितलं. तो परत गेला आणि ह्या वेळी बटणांचा डबा घेऊन आला. त्याचा पारा चढला होता. डबा ओट्यावर आपटून त्याने मला विचारलं, "आई, हल्ली तुझे हात उलटे का बोलतात?"

मी म्हटलं, "उलटे कुठे? तुझ्या सोयीने दाखवतेय. तू समोर उभा आहेस ना."

"माझी सोय?" तो म्हणाला. "मी लहान असल्यापासून तुझं उजवं ते उजवं, असंच धरून बघतोय. समोरच्याचं फिरवून घ्यायचं काम आमचं असतं. सगळे तसंच करतात, विचारसुद्धा करावा लागत नाही. आता तूही फिरवायला लागलीस तर ते दोनदा फिरतं."

तो जाऊन पाना घेऊन आला आणि परत बेसिनखाली शिरला. मी तिथल्या स्टुलावर बसले. दोनदा फिरतं. आधी मला त्याचा अर्थ कळला आणि मग माझं धाबं दणाणलं. मी दोन बोटांचं तोंड केलं, स्वतःकडे बघितलं, आणि सुनेच्या जागी बसून ते फिरवून पाहिलं. मग दुसरं. मग तिसरं. प्रत्येक उलटं. सरांनी जे जे दाखवलं त्याच्या बरोबर उलटं मी महिनाभर त्या मुलीला दिलं होतं, आणि देताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती.

मुलाला काय झालं ते कळलं नाही. त्याने बेसिनखालून डोकं काढून मला विचारलं, रडतेस का. मी म्हटलं, मुकाट्याने पाइप बघ.

सून आतल्या खोलीत इस्त्री करत होती. मी जाऊन समोर उभी राहिले आणि इस्त्री बंद करायची खूण केली. मग सांगितलं. कवायतीच्या शिक्षकांपासून आरशातल्या सरावापर्यंत सगळं. घाईघाईत सांगितल्यामुळे काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागल्या. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येईना.

शेवटी तिने विचारलं, "म्हणजे मला येत होतं?"

"येत होतं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. उलटं मीच दाखवत होते."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "फळ्यावर वेगळं दिसायचं," ती म्हणाली. "मी आधी फळ्यावरचं लिहायचे. मग तुमचे हात बघायचे, आणि लिहिलेलं खोडायचे. मला वाटायचं, सर भराभर पुसतात, आपणच चुकीचं उतरवून घेतलं."

मी विचारलं, "फळा डोळ्यांसमोर होता. फळ्यावर विश्वास ठेवायचा, माझ्यावर कशाला ठेवलास?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू हा प्रश्न विचारण्यासारखाच नव्हता. "तुमचे हात कधी चुकत नाहीत," ती म्हणाली.

त्यावर मला रडू आलं. मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. ह्या मुलीला तिच्या माहेरी हातांनी बोलणारं कुणी नव्हतं. वडील भिंतीकडे तोंड करून बोलायचे, आई घाईत असायची. आमच्याकडे आली तेव्हा पहिले कितीतरी दिवस ती माझे हात नुसती बघत बसायची, मी भाजी निवडताना मुलाशी बोलत असले तरी. मला तेव्हा वाटायचं, पोरगी एकटक बघते, जरा विचित्रच आहे. ती आमच्या घरात भरवसा ठेवायला जागा शोधत होती, आणि तिला ती माझ्या हातांत सापडली होती. एवढी मोठी ठेव माझ्यापाशी आहे, हे मला माहीतच नव्हतं.

मी रडत असताना तिला राग आला. तो आला ते बरंच झालं. तिने उठून माझी दोन्ही मनगटं धरून खाली केली, मी मध्ये बोलू नये म्हणून. मग सोडली आणि म्हणाली, "माझी सोय करायची तर मला विचारायचं. मी बहिरी आहे. लहान नाही." हे तिने दोनदा म्हटलं. मी मान खाली घातली. मग तिने इस्त्री परत सुरू केली आणि माझ्याकडे पाठ करून सगळे कपडे संपवले, माझ्या साड्यासुद्धा. नाव काढायचा अर्ज मात्र त्या दिवशी तिने कपाटावर टाकून दिला.

ती पास झाली, हे इथेच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला कशाला लावायचा. आता ती पांढरा डगला घालून सूक्ष्मदर्शकासमोर बसते आणि नळ्या दुसरं कुणी धुतं. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं आहे.

सोमवारी आम्ही दोघी सरांना भेटायला गेलो. वर्ग अजून भरायचा होता, खोलीत सर एकटेच होते. दुभाष्याने 'ती म्हणते' असं कधी म्हणायचं नसतं. समोरचं माणूस 'मी' म्हणालं की आपणही 'मी'च म्हणायचं, आवाज आपला, बोलणं त्याचं. म्हणून मी आधीच सांगून टाकलं, सर, आता थोडा वेळ मी माझंच बोलणार आहे. आणि झालेला घोटाळा सांगितला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, हे मात्र अजिबात उघड नाही.

मग त्यांनी आम्हाला करूनच दाखवायला लावलं. त्यांनी दोन बोटांचं तोंड केलं, मी केलं, सुनेने कागदावर काढलं. आधी जुन्या सवयीने, मग माझ्या शहाणपणाने. दुसऱ्या वेळी कागदावर उलटं आलं तेव्हा सर मोठ्याने हसले, आणि मग माझा चेहरा बघून गप्प झाले. त्यांनी तिच्या हातात खडू दिला आणि फळ्यावर गणित घातलं: उणे दोन क्ष, सहापेक्षा लहान. सुनेने भागलं, तोंड फिरवलं, क्ष उणे तीनपेक्षा मोठा असं लिहिलं आणि संख्यारेषेवर उजवीकडे रंगवत रंगवत फळ्याच्या कडेपर्यंत गेली. मी माझे हात मांडीवर दाबून धरले होते. चुकूनही काही दाखवायचं नव्हतं. सरांनी आणखी अवघड घातलं, तेही तिने सोडवलं. मग एकात त्यांनी मुद्दाम ऋण संख्येने भागायची गरजच ठेवली नाही. वर्गातले सगळे तिथे फसतात म्हणे. ती फसली नाही.

सर खुर्चीत बसले. नाव काढायचं काही कारण नाही असं म्हणाले. त्या चाचणीचे गुण बदलता येणार नाहीत, पण पुढच्या चाचण्या आणि परीक्षा नीट झाली तर ती सहज पास होईल. मी हे तिला दाखवलं तेव्हा तिच्या हनुवटीवरची खळी खोल गेली. कितीतरी दिवसांनी मला ती दिसली.

मग सर जरा घुटमळले. कॉलेजला दुभाषी मिळाल्या आहेत, ते म्हणाले. शिकलेल्या आहेत, बीजगणिताच्या खुणाही त्यांना येतात. हवं असेल तर ह्याच आठवड्यापासून येतील. "तुमच्या सासूबाई हे सगळं प्रेमाने करतात," ते सुनेला म्हणाले, "पण हे काम शिकलेल्या माणसाचं आहे."

एक क्षण मी हात उचलले नाहीत. ते वाक्य मऊ करून देता आलं असतं. गाळता आलं असतं. सरांना कळलं नसतं आणि सुनेलाही नाही. पण सोयीचा मक्ता आता माझ्याकडे नव्हता. मी ते शब्दाला शब्द दाखवलं. 'प्रेमाने' दाखवलं, आणि 'पण'ही दाखवलं.

सुनेने विचार केला. फार नाही. मग हात उचलले, आणि ती जे म्हणाली ते मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं. "हो. मला त्या बाई हव्या आहेत."

माझा आवाज मध्येच चिरकला. मी खाकरून पुन्हा म्हटलं. सरांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, झालं. आता उद्यापासून ती एकटी येणार, मी घरी बसणार, आणि परतताना वाटेत दिव्याच्या खांबाखाली कुणी थांबणार नाही. मी पर्स उचलायला वाकले तेव्हा तिने बाकावर हात आपटला. तिचं संपलं नव्हतं.

"आणि ह्या बाईंची खुर्ची," मी तिचं बोलू लागले, "माझ्या शेजारी हवी आहे. फळ्याकडे तोंड करून. त्यांना रोज वाटेत विचारायची सवय आहे, आणि उभं राहून शिकवून माझे पाय दुखतात. त्यांना शिकायचं आहे."

सर गोंधळले. एकाच तोंडातून 'मी' आणि 'त्या' यायला लागल्यावर कुणीही गोंधळेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "कुणाला शिकायचं आहे?" त्यांनी विचारलं.

मी ते सुनेला दाखवलं. उत्तर तिने द्यायचं होतं. पण तिने दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसली, मी बोलेपर्यंत.

"मला," मी म्हणाले.